पडलं, आपटलं, की मारलं?

पहिला ठोका पडला आणि चांदीवाल्याचा हात हवेतच राहिला.

झारी वाळूच्या पिशवीवर आडवी होती. तिच्या निमुळत्या गळ्यातून आत घातलेली वाकडी सळई पोटावरच्या पोच्याच्या, म्हणजे चेपलेल्या खळग्याच्या, पाठीशी टेकली होती, आणि बाहेरून त्याचा डावा अंगठा पोच्यावर होता. सळईच्या दांड्यावर ठोका मारला की तिचं टोक आतून उसळी घेतं आणि दबलेली चांदी हळूहळू बाहेर येते. हे काम तो झोपेतही करेल अशी त्याची ख्याती होती. ती ख्याती गावभर पसरवण्यात सगळ्यात मोठा वाटा त्याचा स्वतःचाच होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

पण या ठोक्याला अंगठ्याखाली काहीतरी वेगळंच लागलं. तिथली चांदी कोरी नव्हती. त्यानं भिंग डोळ्याला लावलं. झारीच्या पोटावर वेलबुट्टी होती, वेलीतून पळणारी हरणं होती. पोच्याच्या कडेच्या दोन-तीन पानांच्या शिरा मात्र बाकीच्या पानांसारख्या नव्हत्या. त्या नंतर कुणीतरी पुन्हा कोरल्या होत्या. फार वर्षांपूर्वी आणि फार सुरेख.

"अगं, इकडे ये जरा," त्यानं बायकोला हाक मारली. "या झारीचा पोचा आधीही एकदा काढलाय कुणीतरी. अगदी याच जागी! काय हात असेल गं त्या माणसाचा!"

बायको पॉलिशच्या चाकापाशी बसली होती. तिनं चाक बंद केलं आणि काळे हात फडक्याला पुसत उठली. "म्हणजे दोन पिढ्यांनी एकच भांडं एकाच जागी पाडलं? भलतेच शिस्तीचे लोक आहेत हो तुमचे व्याही."

ती आपली थट्टा करून गेली. पण चांदीवाल्याच्या तोंडावरचं हसू तिथंच विरलं.

झारी त्यांच्या मुलीच्या सासरची होती. साहेबाच्या राज्यात हिंदुस्थानातल्या कारागिरांनी साहेबाच्या टेबलासाठी घडवलेली चांदी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली होती. तबकं, वाडगे, किटल्या, झाऱ्या. घाट साहेबाच्या आवडीचे, वरचे हत्ती, हरणं आणि वाघ मात्र आपल्याकडचे. या झारीची मूठ म्हणजे फणा काढलेला नाग होता. असली चांदी पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा चांदीवाला दोन दिवस नीट जेवला नव्हता. ती घेऊन आलेल्या मुलानं पुढं आपल्या पोरीला मागणी घातली, तेव्हा तर त्याचे पाय जमिनीला लागायचेच बंद झाले. "लेकीच्या घरी संग्रहालय आहे, संग्रहालय!" हे वाक्य त्यानं इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, की काही जण त्याच्या आधी तेच पूर्ण करत.

मुलीला तो छिन्नी म्हणे. एक तर ती तशीच तीक्ष्ण होती, आणि चालायला लागल्यापासून त्याच्या हत्यारांतच वाढली होती. दोघांचा एक खेळ असे. दुकानात पोचा पडलेलं भांडं आलं की तो ते तिच्यापुढं धरायचा आणि विचारायचा, "सांग छिन्ने, पडलं, आपटलं, की मारलं?"

पोर गाल फुगवून विचार करायची. पडलेलं भांडं आपल्या जड बाजूवर पडतं, म्हणून पोचा बुडाला नाहीतर काठाला असतो. आपटलेलं भांडं रुंद चेपतं आणि कुठं ना कुठं रंगाचा, लाकडाचा ओरखडा घेऊन येतं. आणि मारलेलं भांडं? त्याचा पोचा मुठीच्या बरोबर समोर असतो, कारण ते कुणाच्या तरी हातात असतं. शिवाय मूठही सुटते. सगळा हिसका तिच्या डागावर, म्हणजे सांध्यावर, येतो. नवव्या-दहाव्या वर्षीच छिन्नी बापाच्या आधी उत्तर द्यायला लागली होती.

चांदीवाल्यानं झारीतून सळई काढली. झारी उभी केली. पोचा मुठीच्या बरोबर समोर होता.

पडताना झारी तिथं कधीच टेकत नाही. बूड टेकेल, तोटी वाकेल, झाकण उडेल. पोटाचा तो भाग जमिनीला लागायचा तर झारीला हवेतच कुशीवर वळावं लागेल. त्यानं झारी फिरवली. नागाच्या शेपटीचा, म्हणजे मुठीचा खालचा डाग उकलला होता. चांदी ओठासारखी उघडी पडली होती.

त्यानं मुठीला धरून झारी उचलली, अगदी जशी कुणी रागानं उचलेल तशी, आणि हवेतच थांबला. हात आपोआप डोक्याच्या उंचीला आला होता.

"अहो, काय करताय?" बायको म्हणाली. "असे काय बघताय?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. तिनं चष्मा सारखा केला, मूठ उजेडात धरली आणि उकललेल्या डागात अडकलेलं काहीतरी नखांच्या चिमटीत पकडून ओढलं. केस होता. लांब, कुरळा, तांबूस.

त्या घरात सगळ्यांचे केस सरळ आणि काळेभोर होते. असा कुरळा तांबूस केस दोघींचाच होता, छिन्नीचा आणि तिच्या आईचा. आईचा आता पांढरा झाला होता.

बायको काही ओरडली वगैरे नाही. तिनं तो केस तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि खाली बसली. मग ती म्हणाली, "ते वेलीतलं काळं आहे ना, ते चांदीचं काळं नाही."

चांदीवाल्यानं पाहिलं. पोच्याभोवतीच्या पानांच्या खाचांत काळसर काहीतरी साचलं होतं. चांदी काळी पडते तेव्हा निळसर, शाईसारखी काळी पडते. हे तपकिरी होतं आणि सुकून तडकलेलं होतं. एवढा वेळ ते त्याच्या डोळ्यांसमोरच होतं. धुवायचं म्हणून त्यानं साबणाचं कोमट पाणीही करून ठेवलं होतं.

तो मोरीपाशी गेला. तोंडावर पाणी मारताना त्याला एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवलं ते झारीपेक्षाही भयंकर होतं.

ही झारी काही पहिली नव्हती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत पहिल्यांदा वाडगा आला. त्याच्या काठाचा एक हत्ती चेपलेला होता आणि सोंडेत भिंतीचा पिवळा रंग अडकला होता. चांदीवाल्यानं सुईनं तो रंग उकरून काढला आणि फोनवर हसत म्हणाला, "काय गं, तुमच्याकडे वाडगे भिंतीवर पडतात वाटतं?" पलीकडून छिन्नी फक्त म्हणाली, "बाबा, नीट बघितलंत ना?" त्याला राग आला. कालची पोर, आणि आपल्याला शिकवते!

मग तबक आलं, मधोमध वाकलेलं. त्यानं ते सपाट करून धाडलं आणि विचारलं, "यावर कुणी बसलं होतं का?" मग किटली आली. किटलीसोबत आलेल्या ड्रायव्हरनं निरोपही दिला होता. "ताईंनी सांगितलंय, पुसायच्या आधी बघा." त्यावर हा शहाणा ड्रायव्हरला म्हणाला, "तुझ्या ताईंना म्हणावं, बापाला धंदा शिकवू नका." आणि पोटावरचा पोचा असा काढला, की कुठं होता ते त्याचं त्यालाच सापडेना. फोनवर त्यानं फुशारकी मारली होती, "कुणाला कळणारसुद्धा नाही, छिन्ने. काही झालंच नव्हतं असं केलंय मी."

"हो," ती म्हणाली होती. "तुमचा हातच तसा आहे."

फोनवर तिच्या मागं नेहमी जावयाचा आवाज असे. हसरा, अदबीचा. "बाबांना नमस्कार सांग." चांदीवाल्याला त्याचं किती कौतुक! पोर बापाशी बोलते तेव्हाही जावई जवळून हलत नाही, केवढा जीव आहे म्हणून तो चारचौघांत सांगत असे.

पोरीला मोकळं बोलता येत नव्हतं. म्हणून तिनं जगात फक्त दोघांनाच वाचता येईल अशी चिठ्ठी धाडली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि तो ती वाचायची सोडून पुसत बसला होता.

"मी आंधळा झालो होतो काय गं?" तो मोरीपाशीच उभा राहून म्हणाला.

"आंधळे नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "भांडं पाहिलंत की तुम्हाला फक्त ते सरळ करायचं सुचतं. आणि मी? मी तर चकाकी देऊन दिली त्यावर. चला, चपला घाला."

"फोन करू आधी?"

"कुणाला? त्याला?"

झारी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा चांदीवाला दुरुस्तीला आलेलं भांडं तसंच घेऊन दुकानाबाहेर पडला.

दार विहीणबाईंनी उघडलं. नेहमीसारख्या टापटीप, भांग जरा बाजूला काढलेला. दोघांना पाहून त्या गडबडल्या. "अगबाई, न कळवता?" मागून जावई आलाच. "या, या! बाबा, एवढी काय घाई होती झारीची? मी पाठवला असता ना कुणालातरी."

"छिन्नी कुठं आहे?" बायकोनं विचारलं.

"झोपलीय. जरा अंग गरम आहे तिचं. बसा ना, चहा घ्या."

बायको बसली नाही. ती सरळ आतल्या दाराकडे चालू लागली. जावई तिच्या वाटेत आला, पण हसतच. "आई, झोपू द्या तिला." ती त्याच्या बाजूनं निघून गेली. सासूला हात लावून अडवावं, एवढं त्याला चारचौघांत जमलं नाही.

चांदीवाला दिवाणखान्यात उभा राहिला. समोर काचेचं मोठं कपाट होतं. आत दिवा लावलेला. या कपाटापुढं तो याआधी तासन्‌तास रमला होता. आता त्याला तिथं तीनच वस्तू दिसत होत्या. वाडगा, तबक आणि किटली. तिन्ही झगझगत होत्या. तो काचेला नाक लावून शोधत राहिला. वाडग्याचा कुठला हत्ती होता तो? तबक कुठं वाकलं होतं? किटलीच्या पोटावर कुठंतरी अंगठ्याएवढी तरी खूण राहिली असेल. काहीच नव्हतं. एक ओरखडासुद्धा त्यानं ठेवला नव्हता. स्वतःच्या हाताची अशी किळस त्याला कधी आली नव्हती.

त्यानं पिशवीतून झारी काढली, फडकं सोडलं आणि मधल्या टेबलावर ठेवली. पोचा खोलीकडे तोंड करून.

"हे काय, अजून झाली नाही?" जावई म्हणाला.

तेवढ्यात आतून आई आणि मुलगी आल्या. आईनं तिला दंडाला धरलं होतं. छिन्नीनं डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळली होती आणि डाव्या कानामागं ओढणीखाली पट्टीचा फुगवटा दिसत होता. त्या बाजूचा डोळा थोडा मिटल्यासारखा होता. तिनं आधी झारीकडे पाहिलं, मग पोच्याकडे, आणि मग बापाकडे.

चांदीवाल्याला बोलायचं पुष्कळ होतं. बाहेर पडलं ते एकच.

"सांग छिन्ने," तो म्हणाला. "पडलं, आपटलं, की मारलं?"

"मारलं," ती म्हणाली.

जावई हसला. खरोखर हसला. "हा तुमचा बाप-लेकीचा खेळ का? ती सांगते मला कधीकधी. अहो बाबा, ती पायऱ्यांवरून घसरली, हातात झारी होती, दोघी खाली आल्या. विचारा ना आईला. आई, सांग यांना."

सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या टेबलापाशी आल्या. झारीला त्यांनी हात लावला नाही, नुसत्या वाकून बघत राहिल्या. आता त्या इतक्या जवळ होत्या, की चांदीवाल्याला त्यांचा भांग दिसला. तो मधोमध का नव्हता तेही दिसलं. मधल्या रेघेवर बोटभर जागेत केसच उगवत नव्हते.

"आमच्या वेळचा कारागीरही हातानं फार चांगला होता," त्या चांदीवाल्याला म्हणाल्या. "कधी काही दिसायचंच नाही हो."

"आई!" जावई ओरडला. हसू गेलं होतं. आता जो चेहरा दिसला तो चांदीवाल्यानं कधी पाहिलेला नव्हता. छिन्नीनं पाहिलेला असावा, कारण ती लगेच एक पाऊल मागं सरली आणि हात डोक्याकडे गेला. चांदीवाला जावयाच्या आणि पोरीच्या मधे जाऊन उभा राहिला. म्हातारा होता, पण जन्मभर हातोडी चालवलेले त्याचे दंड होते, आणि जावयानं ते दंड पाहिले.

"तिच्या चपला मागच्या दाराशी आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "तिथल्या कपाटाच्या वर ठेवल्यात त्यानं. मी काढून देते."

"झारी इथंच राहील," जावई म्हणाला. "ती आमच्या घराण्याची आहे. नेलीत तर चोरीची तक्रार करीन."

"कर," बायको म्हणाली. तिनं झारी उचलून छिन्नीच्या हातात दिली. "आम्हीही चौकीवरच निघालोय. तिथंच भेटू."

टॅक्सीत तिघं मागं बसली. आई मधे नव्हती, मुलगी मधे होती, लहानपणी बसायची तशी. मांडीवर झारी. ओढणी सुटली होती आणि पट्टीच्या कडेनं कातरलेले केस दिसत होते. चांदीवाला खिडकीबाहेर बघत होता. दुकानं, माणसं, सिग्नल, सगळं जागच्या जागी होतं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"आधी दवाखाना, मग चौकी," आई म्हणाली. "आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं. वाडग्याचं, तबकाचं, किटलीचं, काही सोडायचं नाही."

"त्यांचं काय दाखवणार, आई?" छिन्नी म्हणाली. "कपाटातली किटली काढून पोलिसांपुढं ठेवली तर ते विचारतील, कुठं लागलंय? आणि कुठंच काही लागलेलं नाहीये. बाबांनी सुरेख काम केलंय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"मी प्रत्येक वेळी वाट बघायचे," ती पुढं म्हणाली. "ड्रायव्हर भांडं घेऊन गेला की मी खिडकीत उभी राहायचे. म्हणायचे, आज बाबा येतील. त्यांना दिसल्याशिवाय राहायचंच नाही. मग भांडं परत यायचं. चकचकीत." ती थांबली आणि मान वळवून तिनं बापाकडे पाहिलं. "चार भांडी लागली तुम्हाला, बाबा?"

त्याचा हात सवयीनं झारीकडे गेला, अंगठा आपोआप पोचा शोधायला लागला. सकाळी मारलेल्या त्या एका ठोक्यानं पोच्याची कड जराशी उचलली गेली होती, ती त्याला लागली.

छिन्नीनं झारी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतली.

"हिला हात लावू नका," ती म्हणाली.